मन लागणें आणि मन लावणें

(नभोवाणीवरील भाषण)

संध्याकाळचे सात वाजलेले असतात. शहरांतील एका मध्यमवर्गीय घरांत अकरा वर्षांचा एक मुलगा गणिताची वही पुढें घेऊन बसलेला असतो. शाळेनें दिलेलीं उदाहरणें सारीं दहाच. वर्गांतला दुसरा एखादा मुलगा तीं अर्ध्या तासांत संपवून खेळावयास गेलाहि असेल. पण हा मुलगा पहिलें उदाहरण वहींत उतरवून घेतो तोंच त्याला पेन्सिलीचें टोंक बोथट झालेलें दिसतें. टोंक करावयास तो उठतो, तों खालच्या रस्त्यावरचें भांडण कानीं येतें. भांडण पाहून परततो, तों पाणी प्यावेंसें वाटतें. नऊ वाजतां वहींत तीन उदाहरणें झालेलीं असतात आणि त्यांपैकीं दोहोंत हातचा विसरलेला असतो.

आदल्या रविवारीं याच मुलानें माळ्यावरचा मोडका टेबल-पंखा खालीं काढला होता. सकाळीं नऊ वाजतां तो त्या पंख्यापुढें बसला. स्क्रू, पातीं, तारेचें वेटोळें हें सारें त्यानें वर्तमानपत्रावर ओळीनें मांडलें आणि कोणता भाग कोठून निघाला याचें चित्रहि काढून ठेवलें. जेवणाची हांक तीन वेळां झाली. त्याला ती एकदांहि ऐकूं गेली नाहीं. चार वाजतां पंखा पुन्हां जोडून झाला, तेव्हां कोठें आपल्याला भूक लागली आहे हें त्याच्या लक्षांत आलें.

या दोन प्रसंगांची सांगड घालून त्याचे वडील जो निर्णय देतात तो श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं आपापल्या घरीं ऐकलेला असेल. "बुद्धीला कांहीं कमी नाहीं. मनांत आणलें तर सगळें करतो. पण मनांत आणील तर शपथ!" शाळेच्या प्रगतिपुस्तकांत हाच निर्णय अधिक सभ्य भाषेंत लिहिलेला असतो: हुषार आहे, पण लक्ष देत नाहीं. अशा वाक्यांचा धर्मच असा आहे कीं, तीं शंभर वेळां कानांवर पडलीं म्हणजे ज्याच्याविषयीं तीं बोललीं जातात त्यालाहि खरीं वाटूं लागतात. आपण आळशी आहों, आपली इच्छाच कच्ची आहे, हें त्या मुलाच्या मनांत पक्कें बसतें आणि पुढें तिशी-चाळिशींतहि तें त्याची पाठ सोडीत नाहीं. म्हणून विचारावयाचा प्रश्न असा कीं, पंख्यापुढें घालविलेले ते सात तास या निर्णयाचा पुरावा होऊं शकतात काय?

या प्रश्नाचें अर्धें उत्तर मराठी भाषेनें आधींच देऊन ठेवलें आहे. 'मन लागणें' आणि 'मन लावणें' असे दोन निरनिराळे प्रयोग आपल्या भाषेंत रूढ आहेत. नाटक रंगलें म्हणजे प्रेक्षकाचें मन त्यांत लागतें. त्यासाठीं त्याला कांहीं करावें लागत नाहीं. विम्याचा कंटाळवाणा कागद वाचावयाचा असला म्हणजे मात्र मन लावावें लागतें. पहिल्या प्रयोगांत मन हेंच कर्ता आहे. दुसऱ्या प्रयोगांत मन हें कर्म असून कर्ता मनाचा धनी आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनीं १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथांत अवधानाचे हेच दोन भेद सांगितले आहेत: एक आपोआप जडणारें आणि दुसरें प्रयत्नानें जडवावयाचें. या दुसऱ्या प्रकाराविषयीं त्यांनीं एक मार्मिक गोष्ट नोंदविली. प्रयत्नपूर्वक दिलेलें अवधान कोणाचेंहि एका दमांत थोड्या सेकंदांपलीकडे टिकत नाहीं. मन निसटतें आणि त्याला परत आणावें लागतें. पुन्हां निसटतें आणि पुन्हां आणावें लागतें. ज्याला आपण एकाग्र मनुष्य म्हणतों त्याचेंहि मन निसटतच असतें. त्याला परत आणणारा हात तेवढा तत्पर असतो आणि तो इतक्या मुकाट्यानें काम करितो कीं, धन्याला त्याची चाहूलहि लागत नाहीं.

कांहीं माणसांत जन्मतःच हा परत आणणारा हात दुबळा असतो. वैद्यकांत या स्थितीला 'अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार' असें म्हणतात. बोलण्यांत तिचें 'एडीएचडी' हें इंग्रजी आद्याक्षरांचें नांवच अधिक चालतें. हें नांव थोडें फसवें आहे. न्यूनता म्हटली कीं, हौदांत पाणी कमी आहे असें चित्र डोळ्यांपुढें येतें. वस्तुतः हौद भरलेला असतो. तोटी तेवढी धन्याच्या हातीं नसते. त्यामुळें कधीं थेंब थेंब पाणी येतें, तर कधीं लोंढा. गणिताच्या वहीपुढें थेंब आला आणि पंख्यापुढें लोंढा आला. दोहोंचें कारण एकच.

या विकाराचें निदान रक्ताच्या तपासणीनें किंवा मेंदूच्या छायाचित्रानें होत नाहीं. तें वागणुकीच्या बारकाईच्या चौकशीनेंच करावें लागतें. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालीं काढलेल्या निदानपुस्तिकेच्या पांचव्या आवृत्तींत अवधानाच्या उणिवेचीं नऊ आणि चंचलता व उतावळेपणा यांचीं नऊ अशीं अठरा लक्षणें दिलीं आहेत. मुलांत कोणत्याहि एका गटांतील निदान सहा लक्षणें असावीं लागतात. सतरा वर्षें पूर्ण झालेल्यांत पांच पुरतात. तीं सहा महिने तरी टिकलेलीं असावींत, त्यांतील कांहीं वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीं दिसलेलीं असावींत, घर आणि शाळा किंवा घर आणि कचेरी अशा निदान दोन ठिकाणीं दिसावींत आणि त्यांमुळें रोजच्या व्यवहाराला खरोखर बाध येत असावा, असे त्याचे निकष आहेत. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून मुलांत हें प्रमाण सुमारें ५ टक्के आणि प्रौढांत सुमारें २.५ टक्के असावें, असें दिसतें. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गांत अशीं दोन-तीन मुलें निघावयाचींच. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्या अठरा लक्षणांत पंख्यापुढच्या तंद्रीचा उल्लेख नाहीं. तेव्हां वडिलांना ती तंद्री विकाराच्या विरुद्ध पुरावा वाटली, तर त्यांत नवल नाहीं.

हा विकार आजच्या धांवपळीच्या युगानें निर्माण केला, असें पुष्कळदां बोललें जातें. इतिहास तसें सांगत नाहीं. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्यानें १७९८ सालीं मनोविकारांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत अवधानावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एकाच विषयावर मन स्थिर न राहणें ही स्थिति कांहींना जन्मतःच लाभलेली असते आणि ती शिक्षणाच्या आड येते, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. पुढें १८४५ सालीं फ्रांकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख होफमान यांचें 'स्ट्रुव्वेलपेटर' हें मुलांसाठीं लिहिलेलें सचित्र पद्यपुस्तक निघालें. त्यांत फिलिप नांवाचा एक मुलगा जेवणाच्या टेबलाशीं स्वस्थ बसत नाहीं. खुर्ची झुलवितां झुलवितां मागें कोसळतो आणि टेबलावरच्या चादरीसकट सारें जेवण खालीं ओढतो. फिलिपचा उल्लेख या विकाराच्या इतिहासांत नेहमीं येतो. त्याच पुस्तकांत मागाहून भर घातलेल्या हान्स नांवाच्या मुलाकडे मात्र कमी लोकांचें लक्ष जातें. हा हान्स शाळेच्या वाटेवर आकाशांतले ढग आणि पांखरें पाहण्यांत इतका गढून जातो कीं, चालतां चालतां सरळ नदींत पडतो आणि त्याचें दप्तर वाहून जातें. एका मुलाचें मन कोठेंच लागत नाहीं आणि दुसऱ्याचें लागलें तें सुटत नाहीं. होफमान यांनीं त्यांच्या दोन गोष्टी केल्या. प्रत्यक्षांत फिलिप आणि हान्स पुष्कळदां एकाच मुलाच्या अंगीं नांदत असतात.

१९०२ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनीं ४३ मुलांची माहिती देणारीं तीन व्याख्यानें दिलीं. बुद्धि शाबूत असूनहि स्वतःला आवरूं न शकणारीं हीं मुलें. स्टिल यांनीं याला नैतिक संयमाचा दोष म्हटलें. ते स्वतः वैद्यकीय कारणांचा शोध घेत होते. पण 'नैतिक' हा शब्द जो एकदां चिकटला तो लवकर सुटला नाहीं. १९३७ साल उजाडलें तेव्हां अमेरिकेंत ऱ्होड आयलंडमधील मुलांच्या एका रुग्णालयांत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. त्यांनीं ३० मुलांना बेंझेड्रिन हें उत्तेजक औषध आठवडाभर दिलें आणि त्यांतील सुमारें निम्म्या मुलांचा शाळेंतला अभ्यास एकदम सुधारला. औषध सुरू केल्याच्या दिवशीं सुधारणा दिसली, बंद केल्याच्या दिवशीं गेली. मुलांनींच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या असें नांव दिलें. या अनुभवाचा अर्थ फार मोठा होता. इच्छा कच्ची असती, तर ती गोळीनें एका दिवसांत पक्की झाली नसती. मुलाची इच्छा पहिल्यापासून तीच होती. इच्छेकडून कामाकडे जाणारी वाट तेवढी मोकळी झाली. पुढें १९६८ सालच्या निदानपुस्तिकेंत या स्थितीला बालपणींची अतिचंचलता एवढेंच म्हटलें गेलें. १९८० सालीं तिच्या नांवांत अवधानाचा प्रवेश झाला आणि १९८७ सालीं आजचें नांव रूढ झालें.

मेंदूच्या अभ्यासानें आतां या वाटेची थोडी ओळख करून दिली आहे. योजना आखणें, वेळेचा अंदाज घेणें, मोह आवरणें आणि निसटलेलें मन परत आणणें या कामांत मेंदूच्या पुढच्या भागाचा वांटा मोठा असतो. २००७ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीं असें दाखविलें कीं, या विकाराच्या मुलांत मेंदूच्या बाह्य आवरणाची वाढ इतर मुलांच्या क्रमानेंच होते, पण सरासरीनें सुमारें तीन वर्षें मागून होते. त्याखेरीज डोपामीन नांवाच्या द्रव्याचें कार्यहि येथें निराळें चालतें, असें मानावयास आधार आहे. एखाद्या गोष्टीचें फळ महत्त्वाचें आहे, तिच्यासाठीं खटपट करावी, ही जाणीव मेंदूंत जागविण्याचें काम हें द्रव्य करितें. ज्या कामाचें फळ महिन्यानें मिळावयाचें तें काम अशा मेंदूला फिकें वाटतें. जें नवीन आहे, आवडीचें आहे, अगदीं गळ्याशीं आलें आहे किंवा ज्याचें फळ क्षणोक्षणीं हातीं पडतें, तें त्याला ओढून घेतें. पंख्याचा प्रत्येक स्क्रू निघाला कीं कांहीं तरी नवें दिसत होतें. गणिताच्या उदाहरणांत तसें कांहीं नव्हतें.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आणखी एक गोष्ट कळून आली आहे. या बाबतींत माणसामाणसांत जो फरक आढळतो त्याचा ७० ते ८० टक्के भाग आनुवंशिक असतो. म्हणूनच डॉक्टरांच्या प्रश्नावलीइतकेंच घरांतल्या आजीचें बोलणेंहि कधीं कधीं उपयोगी पडतें. त्या मुलाच्या वडिलांनीं निर्णय देऊन झाल्यावर आजी आपल्या लेकाला म्हणते, "अरे, तूं तरी काय निराळा होतास? मांजा करायला बसलास म्हणजे दुपारची संध्याकाळ झाली तरी उन्हांतून उठत नव्हतास. आणि छत्र्या? एका पावसाळ्यांत तीन हरवल्यास!" वडील गप्प बसतात. कचेरींत त्यांचा लौकिक असा कीं, अडलेला नकाशा ते एका रात्रींत पुरा करून देतात. पण स्वतःच्या प्रवासखर्चाचे कागद आठ-आठ महिने त्यांच्या खणांत पडून असतात. विजेचें बिल भरावयाचें राहून दंड पडला नाहीं असें वर्ष त्यांना आठवत नाहीं. जो निर्णय ते मुलाला ऐकवितात, तोच त्यांनीं स्वतःच्या बापाकडून ऐकलेला असतो.

या तंद्रीचा अनुभव ज्यांना येतो ते तिचें वर्णन बहुधा सारखेंच करितात. बाहेरचे आवाज हळूहळू पुसले जातात. भूक, तहान, अवघडलेली मान यांची दखल मन घेत नाहीं. घड्याळांतले तीन तास आंत अर्ध्या तासाएवढे वाटतात. गॅसवरचें दूध उतूं जातें आणि त्याचा करपट वास शेजारणीला आधीं येतो. या वेळांत काम उत्तम उतरतें आणि आनंदहि मोठा असतो. ज्याला दिवसभर स्वतःचें मन वेंचून गोळा करीत हिंडावें लागतें, त्याला हे तास म्हणजे विसावाच. त्यांतून कोणीं एकाएकीं ओढून काढलें तर गाढ झोंपेंतून हलविल्याप्रमाणें तो दचकतो आणि चिडतो. घरच्या माणसांना तो उर्मटपणा वाटतो.

पण या तंद्रीवर धन्याची सत्ता चालत नाहीं. ती बोलावून येत नाहीं. उद्यां भूगोलाची परीक्षा असली म्हणून ती भूगोलावर उतरेल असें नाहीं. पंखा जोडणें आणि मोबाईलवरचा खेळ यांतहि ती फारसा भेद करीत नाहीं. आणि एकदां आली म्हणजे आपण होऊन लवकर सुटत नाहीं. सुटते तेव्हां मागें चुकलेली औषधाची वेळ, ताटकळलेला मित्र आणि अर्धवट राहिलेल्या चार कामांची रांग दिसते. योगसूत्रांवरील व्यासभाष्यांत चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध अशा पांच भूमि सांगितल्या आहेत. त्यांतील एकाग्र भूमीवर योगी अभ्यासानें चढतो आणि तेथें काय धरावयाचें हें तोच ठरवितो. या मुलाला तेथें कोणी तरी उचलून नेलेलें असतें.

अशी गाढ तन्मयता केवळ याच माणसांची मिरास आहे, असेंहि नाहीं. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनीं १९९० सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत कलावंत, खेळाडू आणि कारागीर यांच्या तल्लीनतेचें सविस्तर विवेचन केलें आहे. २०१९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत या विकाराचीं लक्षणें अधिक असलेल्या प्रौढांनीं तंद्रीचे अनुभव अधिक सांगितले. पुढच्या वर्षीं नेदरलंड्समधील दुसऱ्या अभ्यासांत मात्र असा फरक आढळला नाहीं. तेव्हां तंद्री लागते एवढ्यावरून कोणीं स्वतःचें निदान करूं नये. त्याचप्रमाणें तंद्री लागते एवढ्यावरून निदान नाकारूंहि नये. या दुसऱ्या चुकीनेंच घरोघरीं अधिक नुकसान होतें.

मुलींच्या बाबतींत हें नुकसान आणखी वाढतें. मुलगा बांकावरून उठतो, मध्येंच ओरडतो, म्हणून शिक्षकांच्या डोळ्यांत भरतो. मुलगी पुष्कळदां जागेवर स्वस्थ बसलेली असते आणि तिचें मन खिडकीबाहेर गेलेलें असतें. तिला कोणी चंचल म्हणत नाहीं, वेंधळी म्हणतात. अशा कित्येक स्त्रियांना आपल्या मुलाच्या तपासणीसाठीं डॉक्टरांकडे बसल्यावर, मुलाविषयींचे प्रश्न ऐकतां ऐकतां, हें सारें आपलेंच वर्णन आहे असें प्रथम उमगतें. तोंपर्यंत स्वतःला दूषणें देण्यांत अर्धें आयुष्य गेलेलें असतें. या विकाराच्या माणसांत खिन्नता आणि चिंता यांचें प्रमाण इतरांहून अधिक आढळतें. त्याच्या कारणांत या दूषणांचाहि वांटा असल्यास आश्चर्य नाहीं.

उलट बाजूनें अलीकडे या विकाराची एक आरतीहि ओंवाळली जाऊं लागली आहे. ही दैवी देणगी आहे, अमुक शास्त्रज्ञाला आणि तमुक चित्रकाराला ती होती, असें सांगितलें जातें. होऊन गेलेल्या माणसांचें असें दुरून निदान करणें फोल आहे. विल्यम जेम्स यांनीं तर थोर बुद्धीच्या माणसांविषयींच म्हटलें होतें कीं, प्रतिभेमुळें त्यांचें अवधान टिकतें, अवधानामुळें प्रतिभा येत नाहीं. तंद्रीच्या सात तासांचें कौतुक अवश्य करावें. पण त्या कौतुकानें विजेचें बिल भरलें जात नाहीं आणि हातचाहि आठवत नाहीं.

मग घरानें करावें तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे मानसरोगतज्ज्ञाकडून नीट तपासणी. सहा वर्षांखालील मुलांत आईबापांना वागणुकीचे मार्ग शिकविणें हा पहिला उपाय मानला जातो. मोठ्या मुलांत आणि प्रौढांत औषधांचा चांगला उपयोग होतो. ब्रॅडली यांच्या अनुभवानंतर, १९४४ सालीं, स्वित्झर्लंडमधील बाझल येथें मेथिलफेनिडेट हें औषध प्रथम तयार झालें आणि १९५४ पासून तें बाजारांत आहे. भारतांत त्याच्या विक्रीवर कायद्याचें कडक बंधन आहे, आणि तें योग्यच आहे; तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचें असतें. भूक मंदावणें, झोंप कमी होणें असे त्याचे त्रास असूं शकतात. ज्यांना तें मानवत नाहीं त्यांच्यासाठीं अॅटोमॉक्सेटिनसारखीं निराळ्या प्रकारचीं औषधेंहि आहेत. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादींत या विकाराचें स्वतंत्र नांव नाहीं. परंतु वाचन, लेखन किंवा गणित यांतील विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला त्यांत स्थान आहे. ही अक्षमता पुष्कळदां या विकाराच्या जोडीनें येते, म्हणून तपासणींत तीहि पाहून घ्यावी.

औषध वाट मोकळी करितें. चालावयाचें रोजच्या घरांतच असतें. आंतला हात दुबळा असेल तर कांहीं कामें बाहेर काढून ठेवावीं लागतात. वेळ आंत कळत नाहीं, म्हणून काट्यांचें मोठें घड्याळ डोळ्यांसमोर असावें. दहा उदाहरणांचा डोंगर एकदम पुढें न ठेवतां तीन उदाहरणें, मग घरांत एक फेरी, मग पुन्हां तीन, असा क्रम ठेवावा. जवळ कोणी तरी आपलें स्वतःचें काम घेऊन शांतपणें बसलें, तर पुष्कळांना कामास आरंभ करणें सोपें जातें. टोंकणें, बजावणें त्यांत नसावें. तंद्रीच्या कामाला बसण्यापूर्वीं जेवण उरकून घ्यावें आणि गजर लावावा. उठवावयाचें असेल तर लांबून हांका मारण्यापेक्षां दहा मिनिटें आधीं जवळ जावें, खांद्यावर हात ठेवावा आणि उठण्यापूर्वीं पुढचें पाऊल कागदावर टिपून ठेवावयास सांगावें. धागा कागदावर सुरक्षित आहे असें दिसलें म्हणजे मन तो सोडावयास तयार होतें. आणि शिक्षा म्हणून पंखा जप्त करूं नये. ज्या एका जागीं मुलाला आपण समर्थ आहों असें वाटतें, ती जागा काढून घेतल्यानें गणितांत मन लागत नाहीं.

या उपायांत नवलाचें कांहीं नाहीं. अवघड आहे तें एवढेंच कीं, ते करण्यापूर्वीं घरांतल्या मोठ्या माणसाला आपला जुना निर्णय मागें घ्यावा लागतो. मनांत आणलें तर करतो, असें म्हणणाऱ्यानें मन मुलाच्या हातीं आहे असें गृहीत धरलेलें असतें. तेंच तर पुरतेपणीं त्याच्या हातीं नसतें. म्हणून मुलाची जबाबदारी संपते असें नाहीं. तोकड्या दृष्टीच्या माणसालाहि वाचावें लागतेंच. पण आपण त्याला आधीं चष्मा देतों आणि मग वाचावयास सांगतों.

तपासणीनंतरच्या एखाद्या संध्याकाळीं त्याच घरांत पुन्हां सात वाजतात. मुलगा वही घेऊन बसतो. या वेळीं वडील त्याच्या शेजारीं बसलेले असतात; त्यांच्यापुढें प्रवासखर्चाचे आठ महिन्यांचे कागद असतात. दोघांच्या मधें घड्याळ ठेवलेलें असतें. मुलगा दोनदां उठतो, वडीलहि एकदां उठतात. आठ वाजतां वहींत सात उदाहरणें झालेलीं असतात आणि एकांत हातचा विसरलेला असतो. कागदांपैकीं पांच महिन्यांचे भरून झालेले असतात. वडील विसरलेल्या हातच्यावर बोट ठेवतात, मुलगा तो लिहितो आणि आजी पानें घेतल्याचें सांगते. उठतांना वडील म्हणतात, "उरलेलीं तीन आणि माझे तीन, जेवणानंतर करूं."